मेट

पहिल्या दिवशी शेडच्या दारातच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला 'मेट' अशी हाक मारली आणि मी थबकलो.

ऑस्ट्रेलियात हा शब्द उठताबसता कानावर पडतो. दुकानदार, टॅक्सीवाला, रस्त्यात धक्का लागलेला अनोळखी माणूस, सगळे एकमेकांचे 'मेट', म्हणजे दोस्त. एरवी त्याचा उच्चार 'माइट'कडे झुकतो आणि कानाला लागत नाही. पण हे गृहस्थ मूळचे इटलीचे, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, विशीच्या आत बोटीने आलेले. त्यांच्या तोंडून तो शब्द सरळ, स्वच्छ 'मेट' असा आला. त्याच क्षणी त्यांच्या पाठीमागून ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला. शब्द आणि वास एकदमच आले, आणि मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडसमोर मला सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावची सकाळ दिसली.

कारण आमच्याकडे सुताराच्या कामाच्या जागेला मेट म्हणतात. सुतारमेट.

आमच्या गावचं मेट वेशीजवळ, लिंबाखाली होतं. चार मेढींवर टाकलेलं पाचटाचं छप्पर, भिंती नाहीतच. जमिनीत अर्धा पुरलेला बाभळीचा ठोकळा आणि वर्षानुवर्षांच्या घावांनी त्याच्या माथ्यावर पडलेला खळगा. भोवती ढलप्यांचा ढीग. तो चुलीसाठी न्यायला बायका संध्याकाळी येत. सुतारतात्या उकिडवे बसून काम करत. लाकूड पायाच्या बोटांत असं पक्कं धरत की तासायचा वाकस कितीही जोरात आला तरी ते हलत नसे. लहानपणी मला वाटे, तात्यांना चार हात आहेत.

मृग लागण्याआधीचा महिना म्हणजे मेटावरची जत्रा. कुणाच्या नांगराचं रुमणं सैल झालेलं, कुणाचं जू तडकलेलं, कुणाच्या पाभरीचं चाडं फुटलेलं. माणसं यायची, आपलं अवजार रांगेत ठेवायची आणि बसायची. मग बोलणं निघायचं. पाऊस, बैलांचे भाव, पोरीचं ठरत आलेलं लग्न, भावकीतला बांधाचा तंटा. आता मागे वळून बघताना कळतं की मेटावर बसलेला माणूस रिकामा बसलेला नसायचा. त्याचं काम चाललेलं असायचं, म्हणून त्याला बसायची मुभा होती. आणि सगळ्यांचे डोळे तात्यांच्या हातावर असल्यामुळे कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. देवळाच्या पारावर जे बोलायला जीभ रेटत नसे, ते मेटावर सहज बोललं जाई.

गाडीच्या चाकाला धाव बसवायची असली की सुतार आणि लोहार दोघे मिळून काम करत. तुंबा, आरे, पुठ्ठे हे तात्यांचं. वरची लोखंडी धाव लोहाराची. धाव मुद्दाम चाकाहून किंचित लहान केलेली असे. गोवऱ्यांच्या आगीत ती लालभडक तापली की फुगे. मग चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि वर धडाधड पाणी ओतायचं. लाकडाचा धूर, पाण्याची वाफ आणि त्या वाफेतून येणारा सांधे आवळत गेल्याचा कडकड आवाज. खिळा न मारता अख्खं चाक एकजीव व्हायचं. इयत्ता तिसरीत असताना मी तो सोहळा शाळा बुडवून पाहिला होता.

त्याच वर्षी एकदा तात्या पाणी प्यायला उठले आणि मी ठोकळ्यावरचा वाकस उचलला. दांडा त्यांच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला. मी तो जेमतेम खांद्यापर्यंत नेला असेन तोच आजोबांची हाक आली, "ठेव ते. आपलं काम न्हाई त्ये." आवाजात राग नव्हता. सूर्य उगवतो तिकडे पूर्व, इतक्या साध्या खात्रीने ते बोलले. तात्यांनी माझ्या हातातून वाकस हलकेच काढून घेतला. पलीकडे त्यांचा धाकटा मुलगा, माझ्याच वर्गातला, भोकं पाडायच्या सामत्याची दोरी ओढत बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला पुढे जवळजवळ साठ वर्षं जावी लागली.

बलुत्याची ती व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त बारकाईने लिहून ठेवली आहे. सुताराने वर्षभर कुणब्याची अवजारं नीट ठेवायची, सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा. ज्याचं त्याचं काम जन्मालाच चिकटलेलं. कुणब्याच्या पोराने वाकस धरायचा नाही, सुताराच्या पोराने तो खाली ठेवायचा नाही. पहिली अर्धी गोष्ट मला तेव्हाच टोचली होती. दुसरी अर्धी माझ्या मनातसुद्धा आली नव्हती.

पुढे मी शिकलो, पाटबंधारे खात्यात लागलो, कालव्यांच्या मोजमापात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आम्ही दोघं मुलीकडे मेलबर्नला आलो. पत्नीला इथे रुळायला महिनाही लागला नाही. शेजारच्या गल्लीतली नागपूरची एक, बेळगावची एक, मग भजनी मंडळ, मग भिशी. मी मात्र खिडकीशी. नातू शाळेत, मुलगी-जावई कामावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाला कुणी ना कुणी 'साहेब, जरा बघता का' म्हणत होतं, त्याला दिवसभरात विचारणारं कुणी उरलं नाही. दुखत काही नव्हतं, पण भूक मेली होती. एके दिवशी पत्नी वाचनालयातून एक चिठ्ठी घेऊन आली. "लाकडाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्यांचा क्लब आहे. मंगळवारी आणि गुरुवारी. उद्या मंगळवार आहे," एवढंच म्हणून तिने ती माझ्या चहाच्या कपाखाली सरकवली.

अशा क्लबांना इथे 'मेन्स शेड' म्हणतात. ऑस्ट्रेलियात घरामागच्या परसात पत्र्याची शेड असते आणि निवांत वेळी पुरुषमाणसाने तिथे काहीबाही ठोकत बसायचं ही जुनी रीत. पण म्हातारपणी माणसं मोठी घरं विकून लहान घरांत जातात आणि शेड मागे राहते. ती शेड सर्वांची मिळून करावी ही कल्पना नव्वदच्या दशकात रुजली. साउथ ऑस्ट्रेलियातल्या गूलवा गावी १९९३ साली वयस्कांच्या केंद्रात पुरुषांसाठी अशी एक जागा सुरू झाली. 'मेन्स शेड' या नावाने पहिली शेड उघडली ती २६ जुलै १९९८ रोजी, व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर भागात टोंगाला या लहानशा गावात, डिक मॅगोवन यांच्या पुढाकाराने. त्याच वर्षाच्या अखेरीस सिडनीच्या लेन कोव्ह भागात आणखी एक. २००७ साली या शेडांची देशव्यापी संघटना झाली. आज ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक शेड आहेत आणि ही चाल न्यूझीलंड, आयर्लंड, ब्रिटन, कॅनडापर्यंत गेली आहे. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, खांद्याला खांदा लावून कामाला लागले की करतात, हे या चळवळीचं सूत्र. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर लिंबाखाली आम्हाला ठाऊकच होतं.

आमची शेड म्हणजे नगरपालिकेने दिलेलं जुनं गोदाम. आत शिरताच वहीत नाव आणि वेळ लिहायची, छातीवर नावाचा बिल्ला लावायचा. डोळ्यांना चष्मा, कानांना आवाज अडवणारे पट्टे. फिरत्या यंत्रावर हातमोजे चालत नाहीत, कारण ते पात्यात ओढले जातात. सैल बाही चालत नाही. टेबलसॉ, बँडसॉ, लेथ, प्रत्येक यंत्राची वेगळी परीक्षा, आणि शिकवणाऱ्याने सही केल्याशिवाय त्या यंत्राची किल्ली मिळत नाही. हे सगळं बघणारे गृहस्थ निवृत्त बसचालक. तीस वर्षं बस हाकली, आता आमची बोटं सांभाळतात. त्यांनी माझ्या वहीत पहिली सही केली तेव्हा मला मॅट्रिकचा निकाल आठवला.

पण यंत्रांआधी मला हाताची अवजारं शिकायची होती आणि ती शिकवायला ते इटालियन गृहस्थ पुढे आले. वय त्र्याऐंशी. मी त्यांना नावाने हाक मारावी असा इथला रिवाज, आणि माझी जीभ काही वळेना. आमच्याकडे एवढ्या वडील माणसाला नुसत्या नावाने बोलावलं तर आईने मुस्काट फोडलं असतं. शेवटी मी मनातल्या मनात नावापुढे 'काका' जोडत गेलो, तेव्हा कुठे हाक सुटली.

पहिले तीन आठवडे त्यांनी मला लाकूड दिलंच नाही. फक्त धार. रंध्याचं पातं दगडावर कसं टेकवायचं, २५ अंशांचा मूळ उतार आणि टोकाशी ३० अंशांचा बारीकसा दुसरा उतार कसा धरायचा, पात्याच्या पाठीला येणारी पोलादाची नखाएवढीही नसलेली कोर अंगठ्याने कशी ओळखायची. चौथ्या आठवड्यात त्यांनी पाइनची एक फळी समोर ठेवली आणि रंधा माझ्या हातात दिला. आठवणीतला वाकस लाकडाच्या दांड्याचा होता, हा रंधा पोलादी, थंड आणि जड. मी पुढे रेटला. तो अडखळला, फळी ओरबाडली गेली. काकांनी फळी उलट फिरवली आणि बोटाने तिच्यावरच्या रेघा दाखवल्या. लाकडाच्या अंगाने जायचं, अंगावर जायचं नाही. दुसऱ्या खेपेला रंध्याच्या तोंडातून पातळ, लांब कीस उलगडत बाहेर आला. उजेडात धरला तर पलीकडचं दिसत होतं. त्या रात्री मी सगळा भात संपवला. पत्नीने काही न बोलता आणखी वाढला.

एकदा मी पाटाचं काम घेतलं होतं. बाकाशी उभं राहून पटाशी चालवताना कंबर भरून आली. नकळत मी जमिनीवर बसलो, बूट काढले आणि लाकूड पायाच्या बोटांत धरून काम सुरू केलं. दोन मिनिटांनी वर बघतो तर अर्धी शेड माझ्याभोवती. बसचालक काळजीत, कारण उघडे पाय. बाकीचे नवल करत होते. मी त्यांना तात्यांबद्दल सांगितलं. लिंबाखालचा ठोकळा, वाकस, चार हातांचा माणूस. काकांनी मला मधेच थांबवून विचारलं, "अंगठा आतून की बाहेरून?" आणि स्वतः खुर्चीवर बसून मोजा काढून बघू लागले. पुढच्या गुरुवारी बसचालकांनी कोपऱ्यात एक रबरी चटई अंथरली होती. पटाशीची धार पायाच्या उलट्या दिशेला, आणि यंत्रांच्या वेळी बूट घालायचे, या दोन अटींवर ती जागा माझी झाली.

सकाळी दहाला काम थांबतं. यंत्रं बंद होतात आणि अचानक पडलेल्या शांततेत किटलीचा आवाज येतो. या चहाला इथले लोक 'स्मोको' म्हणतात. डब्यात एक सोनेरी नाणं टाकायचं, कप उचलायचा. टेबलाभोवती प्लंबर, शाळेचे मुख्याध्यापक, श्रीलंकेतून आलेले एक हिशेबनीस, गोदीत राबलेले एक ग्रीक. आधी काय होतास हे कुणी विचारत नाही. काय करतोयस हे विचारतात. सहा महिने शेजारी काम केल्यावर मला कळलं की प्लंबरची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेही त्यांनी टेबलाशी सांगितलं नाही. आम्ही दोघं एका खुर्चीचा पाय चिकटवून क्लॅम्प आवळत होतो. सरस सुकेपर्यंत हात सोडता येत नव्हता, आणि त्या दहा मिनिटांत ते बोलले. मी क्लॅम्पकडे बघत ऐकलं. वर बघितलं असतं तर ते थांबले असते.

लाकडांनीही मला इथे ओळखीच्या गोष्टी सांगितल्या. आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड मूळचं इथलं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते निलगिरीच्या डोंगरांवर लावलं आणि मराठीने त्याला त्या डोंगरांचंच नाव दिलं. इथे त्याच्या शेकडो जाती. मरे नदीकाठचा लाल गाभ्याचा रेड गम, पश्चिमेकडचा गडद जारा. 'टास्मानियन ओक' या नावाने विकलं जाणारं लाकूडसुद्धा ओकचं नाहीच, तीन जातींच्या निलगिरीचं आहे. युरोपातून आलेल्यांना परक्या झाडात आपला ओक दिसला आणि ते त्याला त्याच नावाने हाका मारत राहिले. माझ्यासारखेच.

आणि बाभूळ. आमच्याकडे नांगर, कुळव, चाकं, सगळं बाभळीचं. तात्या तिचे ओंडके ओढ्याच्या डोहात महिनोन् महिने बुडवून ठेवत, म्हणजे रस धुऊन जाई आणि कीड धरत नसे. शेडमध्ये मला सर्वांत आवडलं ते ब्लॅकवुड, मधाच्या आणि तपकिरीच्या मधल्या रंगाचं, रंध्याखाली रेशमासारखं. ते बाभळीच्या गोतातलं निघालं. वनस्पतिशास्त्रात 'अकेशिया' हे नाव आधी आपल्या काटेरी बाभळीचं. पुढे त्या गटाची विभागणी झाली, आणि नाव कुणाकडे ठेवायचं यावर जगभरच्या अभ्यासकांचा वाद झाला. २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत ते ऑस्ट्रेलियाच्या हजारभर जातींकडे गेलं. २०११ साली त्यावर शिक्कामोर्तब झालं ते इथे, मेलबर्नच्या परिषदेत. आपली बाभूळ आता 'वॅचेलिया'. हे वाचलं त्या दिवशी मी ब्लॅकवुडच्या फळीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. नाव बदललं तरी रेघा त्याच होत्या. तात्यांनी अंगठ्याने चाचपून ओळखली असती.

शेड फक्त आपल्यासाठी काम करत नाही. बालवाडीची खेळणी, शाळेची बाकं, कुणा म्हातारीच्या डगमगत्या खुर्च्या, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा चौरंग. खर्चासाठी महिन्यातून एका शनिवारी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानासमोर सॉसेज भाजून विकायचे. मी शाकाहारी; कांदा परतायचं काम माझं. पण सर्वांत मोठं काम घरट्यांच्या पेट्यांचं. निलगिरीच्या खोडात पक्ष्यांना, पॉसमसारख्या प्राण्यांना राहण्याजोगी ढोली तयार व्हायला शंभर वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात. २०१९-२०च्या उन्हाळ्यातल्या भीषण वणव्यांत अशी किती म्हातारी झाडं एका दुपारीत गेली. त्यानंतर देशभरातल्या अनेक शेडांनी लाकडाच्या पेट्या करायला घेतल्या; आमच्या शेडचं ते काम अजून थांबलेलं नाही.

पेटी दिसते सोपी, पण तिला राहणाऱ्याच्या नजरेने बघावं लागतं. रोझेला पोपटासाठी भोक साधारण सहा-सात सेंटीमीटरचं; त्याहून मोठं केलं तर दांडगे पक्षी घुसतात. तळाला पाणी निथळायला छिद्रं. छपराला उतार. आणि आतली बाजू रंधायची नाही. उलट पटाशीने आडव्या खाचा पाडायच्या, म्हणजे पिल्लांना त्या धरून दारापर्यंत चढता येतं. हात गुळगुळीत करायला शिकला तरी कुठे खरखरीत सोडायचं हेही त्याला कळावं लागतं.

या पेट्या बाहेरून घासायचं काम एका निवृत्त शिक्षकांकडे असतं. त्यांची स्मृती ओसरत चालली आहे. गुरुवारी पत्नी त्यांना सोडून जाते; तिला आठवड्यातले तेवढेच तीन तास स्वतःचे मिळतात. आमची नावं त्यांना आठवत नाहीत, पण पॉलिश पेपर हातात दिला की हात लाकडाच्या रेघेच्या दिशेनेच जातो, कधी आडवा जात नाही. दर गुरुवारी ते मला विचारतात, "तू नवा का?" मी दर गुरुवारी हो म्हणतो आणि ते मला पॉलिश पेपर कसा धरायचा ते नव्याने शिकवतात. खरं सांगायचं तर त्यांची पद्धत माझ्याहून चांगली आहे.

शेडच्या एका भिंतीवर अवजारांचा फळा आहे. प्रत्येक अवजाराच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली, म्हणजे दिवस संपताना कोणतं परत आलं नाही ते एका नजरेत कळतं. गेल्या वर्षी जुलैच्या थंडीत इटालियन काका गेले. दोन मंगळवार ते आले नाहीत आणि तिसऱ्या मंगळवारी त्यांच्या मुलीने त्यांची पेटी आणून दिली. तिच्यात त्यांनी गावाहून येताना आणलेल्या पाच पटाश्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या. घरात ठेवण्यापेक्षा त्या चालत्या राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. फळ्यावर जागा केली. पटाश्या एकेक करून टेकवून मी पेन्सिलीने त्यांच्या कडा ओढल्या आणि बसचालकांनी आत काळा रंग भरला. चहाच्या वेळी कुणी भाषण केलं नाही. कामाच्या वेळी मात्र दिवसभर त्यांच्याच गोष्टी निघत होत्या, या बाकावरून त्या बाकावर.

डिसेंबरात आम्ही गावी गेलो. सामानात मी केलेला पाट होता, ब्लॅकवुडचा. मेटाच्या जागी आता मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लिंब आहे, ठोकळा नाही. मेट मोडलं ते एका दिवसात नाही. शेजारच्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा नांगरांचा कारखाना. लोखंडी नांगर गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच आला. मग रबरी टायरच्या गाड्या, मग ट्रॅक्टर. तात्यांचा धाकटा, माझा वर्गसोबती, हमरस्त्यावर प्लायवुडच्या कपाटांचं दुकान टाकून बसला. आता ते मुलगा बघतो. वर्गसोबती स्वतः घराच्या ओट्यावर असतो.

मी पाट त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने वरून बघितलंही नाही, आधी उलटा केला. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "वरनं झ्याक हाय. खालनं रंधा फिरवला न्हाईस."

खरं होतं. खालची बाजू कोण बघणार, असं माझ्या मनात आलं होतं. तो उठून आत गेला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला लाकडी रंधा घेऊन आला. तात्यांचा. पाट ओट्यावर उलटा टाकला, त्याचं एक टोक त्याने पायाने दाबून धरलं आणि रंधा माझ्याकडे केला. मी काही वेळ रंधलं, मग त्याने घेतला, मग पुन्हा मी. कीस आमच्या पायांशी साठत गेला. मी त्याला शेडबद्दल सांगत होतो. वह्या, सह्या, सोनेरी नाणं, चटई. तो हूं हूं करत होता. मग रंध्याकडे बघतच बोलला.

"त्या दिशी तुझ्या आज्यानं तुला वाकस ठिवाय लावला, आठवतंय? मला लई राग आलता तुझा. त्यो ठेवून तू साळंत गेलास. मला ठेवता आला असता तर म्या बी गेलो असतो. चौथीतनं काढलं मला आमच्या म्हाताऱ्यानं. गणित चांगलं हुतं माझं."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी त्या सकाळी माझ्या हातातून काय गेलं तेवढंच मोजत होतो. मला मेलबर्नमध्ये रंध्याचा कीस उजेडात धरून जो आनंद झाला, तो पोटाला चिमटा न बसता आलेला आनंद होता; पेन्शन खात्यावर जमा होत होती. शेडचं दार मला आत यायला उघडं होतं, आणि तितकंच बाहेर जायलाही. मेटाला भिंती नव्हत्या, तरी त्याच्यासाठी बाहेर जायची वाट नव्हती. लाकडाचं काम माणसाला जोडतं हे मी शेडमध्ये शिकलो. ते जोडणं खरं कधी होतं, हे त्या ओट्यावर शिकलो.

"दाब कमी कर," तो म्हणाला. "लाकूड कुठं पळून जात न्हाई."

त्याची नात चहा घेऊन आली. कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुटीत घरी आलेली. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना एका पाटावर वाकलेलं बघून ती उंबऱ्यातच थांबली. किसाकडे बघत होती. त्याने ते बघितलं आणि रंधा तिच्या दिशेने सरकवला.

"मन असंल तर धर," तो म्हणाला. "नसंल तर र्‍हाऊ दे."

तिने चहाचे कप ओट्याच्या कडेला ठेवले आणि ओढणी कमरेला खोचली.